रांगोळीच्या अलीकडून घेतलेलं रीडिंग

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी कामाच्या जागी सेफ्टी शूज एकदाच काढले. काढून दाराबाहेर जोडीने ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर तळघराच्या दारात उभी राहिले. कॉलरला गॅस मीटर लावलेला. समोर पाच पायऱ्या, खाली सिमेंटची खोली, आणि शेवटच्या पायरीपासूनच सुरू झालेली रांगोळी.

"ये की खाली," डॉक्टर सबनीस म्हणाले. "पण जपून. सुधा सकाळपासून काढतेय."

मी गेले नाही. वरच्या पायरीवरूनच मीटरचा आकडा बघितला, फॉर्मवर लिहिला आणि पुढे टिक केली. ती टिक मला आजही दिसते.

आधी माझं काम सांगते, कारण ते कुणालाच कळत नाही. मी इंडस्ट्रियल हायजीनिस्ट आहे. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही त्यांची समजूत हीच होती की मी अमेरिकेत कारखान्यांची साफसफाई बघते. मी हवा मोजते. माणसं जिथे काम करतात तिथली हवा श्वास घ्यायच्या लायकीची आहे की नाही, हे बघायला इन्शुरन्स कंपनी मला पाठवते. लाकडाचे कारखाने, कोंबड्यांची फार्म्स, डुकरांची फार्म्स आणि अलीकडे वाइन बनवणाऱ्या वायनरीज. आम्ही राहतो मॉरिसव्हिलला. तिथून पश्चिमेला डोंगराच्या बाजूला अडीच तास ड्राइव्ह केलं की यॅडकिन व्हॅलीतले द्राक्षमळे लागतात.

सबनीसांचं गाव त्या भागात अगदी आत आहे. एक चर्च, एक पोस्ट, बंद पडलेली एक मोज्यांची मिल, आणि मधे सगळे मळे. शेवटच्या गॅस स्टेशननंतर फोनचा सिग्नल गेला तो गेलाच. रस्त्यावर माणूस नाही. एका पोर्चवर बसलेल्या बाईने माझ्या गाडीकडे इतका वेळ बघितलं की मीच हात हलवला. शांत गावं लोकांना आवडतात. मला नाही आवडत. शांत गावात काही झालं तर ॲम्ब्युलन्स किती लांबून येईल, हे पहिल्यांदा माझ्या डोक्यात येतं. या धंद्याने माझा स्वभाव असा करून ठेवलाय.

सबनीस काका आणि सुधाकाकू आमच्या महाराष्ट्र मंडळातले जुने. काका भूलतज्ज्ञ होते, पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. रिटायर झाल्यावर लोक क्रूझवर जातात, यांनी बारा एकरांचा द्राक्षमळा घेऊन वाइन करायला सुरुवात केली. वय शहात्तर. माझ्या ऑफिसच्या लिस्टवर त्यांचं नाव बघून मी बॉसला, ग्रेगला, सांगितलंही होतं की हे ओळखीचे आहेत, दुसऱ्या कुणाला पाठव. तो म्हणाला, तू सोडून माझ्याकडे वायनरी कळणारं माणूस नाही. मी तारीख ठरवली. खरं सांगायचं तर काकूंच्या हातचं जेवण मिळणार होतं.

शिवाय तो दिवस होता खंडेनवमीचा. आपल्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात. काकांनी फोनवर आधीच बजावलं होतं, "इन्स्पेक्शन काय ते कर, पण पूजेला थांबायचं आणि जेवून जायचं." खंडेनवमी येते नेमकी द्राक्षांच्या हंगामात. द्राक्षं चेचून मोठाल्या प्लॅस्टिकच्या बिन्समध्ये भरलेली असतात आणि ती आंबत असतात. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं, त्यातला हा प्रकार, फक्त टनावारी. पीठ फुगतं ते कार्बन डायऑक्साइडने. इथेही तोच गॅस. पिठात तो वाटीभर असतो, इथे खोलीभर.

या गॅसला रंग नाही, वास नाही. आणि तो हवेपेक्षा जड. पाण्यासारखा उतार धरून खाली जातो आणि सखल जागी साचतो. म्हणून नियम असा की मोजमाप तीन उंचींवर घ्यायचं, डोक्यापाशी, कमरेपाशी आणि जमिनीपाशी. जमिनीपाशी मोजायला मीटरला एक लांब रबरी ट्यूब लावतात आणि तिचं टोक खाली सोडतात. मी हे ट्रेनिंगमध्ये नव्या लोकांना दरवर्षी शिकवते.

तर त्या सकाळी साडेदहाला मी वरचा शेड तपासला, सगळं ठीक. मग तळघराच्या दारात आले. वर जागा पुरेना म्हणून यंदा काकांनी पाच बिन्स खाली ठेवले होते. भिंतीत एग्झॉस्ट फॅन होता, तो घुंघुं चालू होता. खाली पाटावर पूजेची मांडामांड. द्राक्षं छाटायच्या कात्र्या, एक पंप, रसातली साखर मोजायची काचेची नळी, आणि काकांचा जुना लॅरिंगोस्कोप, म्हणजे पेशंटच्या घशात घालायचं ते स्टीलचं हत्यार. भोवती काकूंच्या बागेतला झेंडू.

मीटर माझ्या कॉलरवर एकोणीसशे दाखवत होता. बाहेरच्या हवेत चारशेच्या थोडं वर असतं. पाच हजारांपर्यंत दिवसभर काम करायला हरकत नाही. चाळीस हजारांना जिवाला धोका. एकोणीसशे म्हणजे चिंता नाही.

जमिनीपाशीचं रीडिंग राहिलं होतं. ट्यूब गाडीच्या ट्रंकमध्ये होती. आणता आली असती, रांगोळीवरून सोडताही आली असती. पण आदल्या आठवड्यात ती ट्यूब मी डुकरांच्या फार्मवर वापरली होती, तिथल्या खड्ड्यात सोडली होती. नंतर धुतली होती, नियमाप्रमाणे. तरी ती ट्यूब मांडलेल्या पूजेवर, झेंडूवर, लोंबकळत सोडायची, हे माझ्या हातून होईना. मी देवभोळी नाही. एरवी पूजेला नुसता प्रसाद खायला जाते. पण काकू तिथे उभ्या होत्या, नऊवारी नेसून, गुडघे दुखत असताना तास दीड तास वाकून रांगोळी काढलेल्या.

काकांनी माझी चुळबुळ बघितली असावी. म्हणाले, "अगं, कार्बन डायऑक्साइड मला शिकवतेस का? पस्तीस वर्षं मॉनिटरवर बघितलाय." मी हसले. टिक केली. लोअर रूम, ओके.

नंतर तासभर आम्ही किचनमध्ये पेपर्स बघत होतो. मी आणि काकू. काका मधेच पूजेची तयारी बघायला खाली गेले. बाराला त्यांनी हाक मारली.

दारात पोचले आणि मला बरं वाटलं. सकाळपेक्षा किती शांत आहे इथे, असंच मनात आलं. त्याबद्दल मी स्वतःला कधी माफ करणार नाही. अठ्ठावीस वर्षं शांततेला घाबरलेली बाई, नेमकी त्या दिवशी शांततेवर खूश झाली.

काका पाटासमोर मांडी घालून बसले होते, आमच्याकडे पाठ. रांगोळीच्या कडेने ते कसे गेले कोण जाणे, एक रेघ मोडली नव्हती. काकू नैवेद्याचं ताट घेऊन माझ्या शेजारी वरच्या पायरीवर. काकांचे मंत्र चालू होते, मधे मधे थांबत होते, दम लागल्यासारखे. शहात्तर वर्षांचा माणूस जमिनीवर बसला की दम लागणारच, असं मी धरून चालले.

निरांजन त्यांच्या पुढ्यात जमिनीवर होतं. त्याची ज्योत लहान झाली. मग निळसर झाली. मग गेली.

काकू पुटपुटल्या, आज हे काय चाललंय. त्यांच्या आवाजात काळजी होती ती वेगळीच, दिवा विझल्याची. काकांनी काडी ओढली. काडी छातीपाशी छान पेटली. ती त्यांनी निरांजनाकडे नेली आणि ती कोपराच्या उंचीवर विझली. दुसरी काडी. तीही तिथेच विझली. तिसरी. बरोबर त्याच उंचीवर, कुणीतरी तिथे पाण्याची रेघ मारून ठेवावी तशी.

खोलीत वारा नव्हता. वारा नव्हता कारण फॅन बंद होता.

मी काकूंना विचारलं, फॅन कुणी बंद केला? त्या म्हणाल्या, "यांनीच. अकराला. दिवा राहत नव्हता ना वाऱ्याने."

म्हणजे तासभर. पाच बिन्स. माझ्या कॉलरवरचा मीटर चार हजार शंभर दाखवत होता आणि शहाण्यासारखा गप्प होता, कारण पाच हजारांखाली तो ओरडत नाही. तो माझ्या गळ्याशी होता. काकांचं नाक माझ्या गळ्यापेक्षा पाच-सहा फूट खाली.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "काका, उभे राहा. लगेच."

"थांब गं, होतंय," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. मग म्हणाले, दिवा राहू दे, नमस्कार तेवढा करतो. आणि त्यांनी दोन्ही हात पुढे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

ते वर येईनात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. अशा खोल्यांमध्ये, टाक्यांमध्ये, खड्ड्यांमध्ये माणसं मरतात तेव्हा बहुतेक वेळा एकटी मरत नाहीत. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा धावतो, तोही पडतो, मग तिसरा. म्हणून आमचा पहिला नियम, आत जायचं नाही. हा नियम मी शेकडो लोकांना शिकवलाय. शिकवताना मला तो फार सोपा वाटायचा. समोर चार पावलांवर ओळखीचा माणूस पालथा पडलेला असताना तो नियम पाळणं म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हतं. माझे पाय पुढे जायला बघत होते.

काकूंनी ताट टाकलं आणि पायरी उतरायला गेल्या. मी त्यांचा दंड धरला, इतक्या जोरात की नंतर तिथे काळंनिळं झालं.

"सोड," त्या म्हणाल्या. "सोड मला. नाहीतर तू जा. तू जा ना, मंजिरी."

"मी गेले तर दोघं मरू," मी म्हटलं. "फॅनचं बटण कुठे आहे?"

वर शेडमध्ये, द्राक्षं पिळायच्या प्रेसच्या मागे, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, जा, फॅन लावा आणि लँडलाइनवरून नाइन वन वन करा. त्या हलेनात. त्यांची नजर काकांच्या पाठीवर. पाठ वरखाली होत होती, भराभर, कुत्रा धापा टाकतो तशी. म्हणजे श्वास चालू होता. पण प्रत्येक श्वासाला तेच आत जात होतं.

मी ओरडले, काका, उठा. काही नाही. डॉक्टर सबनीस. काही नाही. इंग्लिशमध्ये ओरडून झालं. माणूस त्या अवस्थेत गेला की त्याला आज्ञा कळत नाही. धोका आहे हे कळत नाही. विचार करणारा भाग आधी झोपतो. मग जागं काय राहतं?

ते मला सुचलं कसं, हे खरंच सांगता येणार नाही. मी टाळ्या वाजवायला लागले आणि आरती म्हणायला लागले. गणपतीची, मोठ्याने, भसाड्या आवाजात, ताल धरून. आरती सुरू झाली की बसलेला माणूस उभा राहतो. आपल्या घरात कुणी ते शिकवत नाही, आजारी माणूससुद्धा भिंतीला धरून उठतो. सत्तर वर्षं या माणसाने तेच केलं असणार.

काकूंना वाटलं मला वेड लागलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांना कळलं, आणि त्याही म्हणायला लागल्या. रडत रडत, पण ताल न सोडता.

दुसऱ्या ओळीला काकांचे खांदे हलले. त्यांनी डोकं उचललं. हात लांब करून बिनची कड धरली. एक गुडघा. मग दुसरा. मग ते उभे राहिले, झुलत, चेहरा राखेसारखा, ओठ निळे. आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बेताल, हात एकमेकांना चुकत होते, पण वाजवत होते. एवढी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नाही.

मी काकूंना ढकललंच, फॅन लावा, फोन करा. या वेळी त्या धावल्या. मी आरती सोडली नाही. दोन्ही हात पुढे केले आणि म्हटलं, काका, आरती घ्यायला या. ते आले. रांगोळी तुडवत आले. पहिली पायरी चढले, दुसरीवर गुडघा दुमडला. मी पालथी पडून हात लांब केले आणि त्यांचं उपरणं हाताला लागलं, मग दंड. कसं ओढलं माहीत नाही. माझा खांदा अजून थंडीत दुखतो. माझा मीटर एव्हाना कर्कश ओरडत होता. वर फॅन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा काका दाराबाहेर गवतावर उताणे पडले होते आणि मी शेजारी बसून त्यांचे श्वास मोजत होते.

गावाचं व्हॉलंटिअर फायर डिपार्टमेंट एकोणीस मिनिटांनी आलं. चीफ म्हणजे पोर्चवर बसलेली तीच बाई, नाव टेरी. तिने काकांना ऑक्सिजन लावला. मी गाडीतून ट्यूब आणली. फॅन वीसेक मिनिटं चालून झाला होता, तरी टोक जमिनीपाशी सोडल्यावर मीटरने आकडा दाखवायचं सोडलं. त्याची हद्द संपली होती. टेरीने स्क्रीन बघितली, मग माझ्या मोज्यांकडे बघितलं.

काकांना ॲम्ब्युलन्समध्ये घालताना थोडं भान आलं होतं. मास्क बाजूला करून म्हणाले, "पस्तीस वर्षं लोकांना झोपवलं, आज मीच झोपत होतो." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. काकू हसल्या नाहीत. ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर एक पाय ठेवून त्या वळल्या.

"तू सकाळी तपासलं होतंस ना?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काका दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते. डोकेदुखी राहिली, बाकी सगळं ठीक. घरी आल्यावर त्यांचा फोन आला. फॅन त्यांनी बंद केला, चूक त्यांची, माझं नाव कुठे यायला नको, असं त्यांनी चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. घरातली गोष्ट आहे, म्हणाले. त्यांच्या मायेने मला जास्तच लाज वाटली. फॅन बंद होण्याआधीच माझं काम अर्धं झालं होतं. जमिनीपाशी मोजलं असतं तर सकाळीच तिथे गॅस साचतोय हे दिसलं असतं, फॅन चालू असतानासुद्धा. मग मी त्या खोलीत कुणाला बसूच दिलं नसतं.

मी रिपोर्ट लिहिला. आमच्या फॉर्मवर कारणाचा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं की इन्स्पेक्टरने जमिनीपाशीचं रीडिंग घेतलं नाही, कारण जमिनीवर रांगोळी होती.

दुसऱ्या दिवशी ग्रेगचा फोन.

"रांगोळी म्हणजे काय? एखादं केमिकल आहे का?"

मी सांगितलं. पांढरी पूड असते, जमिनीवर नक्षी काढतात, देवासाठी. ट्यूब डुकरांच्या फार्मवर वापरलेली होती, तेही सांगितलं.

"म्हणजे तुला वाईट दिसेल असं वाटलं," तो म्हणाला.

"हो."

"तेच लिही. बाकी काढून टाक."

मी तेच लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि सहा महिने माझं प्रत्येक इन्स्पेक्शन दुसऱ्या कुणीतरी परत तपासलं. योग्यच होतं. काकांनी बिन्स वर हलवले आणि खालच्या खोलीत गुडघ्याच्या उंचीवर अलार्म बसवला. काकू मंडळात भेटतात, बोलतात, डबाही देतात. पण पूर्वी मला "अगं" म्हणायच्या, आता "मंजिरी" म्हणतात.

हवा मोजताना आम्ही विचारतो, इथे किती माणसं, किती तास, कुठला गॅस. माणसाचं नाक किती उंचीवर असेल, हे कुणी विचारत नाही. उभ्या माणसाचा हिशोब धरलेला असतो. आता माझ्या चेकलिस्टवर मी हाताने एक प्रश्न लिहिलाय, की या खोलीत कुणी गुडघे टेकून किंवा डोकं टेकून काही करतं का. वायनरीवाले हसतात. म्हणतात, वाइन बनवतो बाई, प्रार्थना नाही करत. मी हसत नाही. पेन धरून उभी राहते. मग त्यांच्यातलाच एखादा म्हणतो, तसं नाही, पण ड्रेन साफ करायला मी रोज वाकतो.